हील्स घालून लांब चालायचंय? पायाला फोड येऊ नये म्हणून काय, कधी आणि कुठल्या क्रमाने करायचं

तुळशीचं लग्न लागलं की आपल्या इंदूरमध्ये दर आठवड्याला कुणाचं ना कुणाचं लग्न असतंच, आणि दर लग्नात मला तेच दृश्य दिसतं. मॅरेज गार्डनच्या मागच्या खुर्च्यांवर कुणीतरी मुलगी एक सँडल काढून बसलेली, टाचेवर रुपयाएवढा फोड, आणि शेजारी एखादी काकू पर्समध्ये बँडेड शोधतेय. सगळ्या जणी करतात काय तर नवी हील्स लग्नाच्याच दिवशी डब्यातून काढतात, सोबत बँडेड ठेवतात आणि समजतात की झाली तयारी. बँडेड ही शेवटची पायरी आहे, त्याच्या आधी निदान पंधरा दिवसांचं काम असतं आणि ते क्रमानेच करावं लागतं, म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढतेय.

आधी एक गोष्ट डोक्यात बसू द्या, म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळेल. चप्पल चावते म्हणजे फक्त वरून घासते असं नाही. कातडी चपलेला चिकटून राहते, आतलं हाड मात्र दर पावलाला पुढे-मागे सरकतं, त्यामुळे कातडीचे थर आतल्या आत ताणले जातात, ताणून ताणून सुटतात आणि त्या फटीत पाणी भरतं. तो फोड. त्यासाठी तीन गोष्टी लागतात: पाय आत सरकणं, ओलावा, आणि हजारो वेळा तेच तेच होणं. खालची प्रत्येक पायरी यातलं एकेक कमी करण्यासाठी आहे.

१. माप आणि खरेदी (पंधरा दिवस आधी)

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. दिवसभरात पाय थोडे सुजतात, म्हणून हील्स घ्यायच्या त्या संध्याकाळी. सकाळी अकराला घेतलेली एकदम फिट सँडल रात्री वरातीत घट्ट होणारच.

जायच्या आधी घरी कागदाची टेस्ट करा. जमिनीवर कोरा कागद ठेवा, त्यावर उभं राहा (बसून नाही, उभं राहिल्यावर पाय पसरतो), दुसऱ्या कुणाला तरी पेन्सिल सरळ उभी धरून पायाभोवती रेघ काढायला सांगा. दोन्ही पायांची काढा, बहुतेकांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा थोडा मोठा असतो, खरेदी मोठ्या पायाची करायची. हे कागद कापून दुकानात न्या आणि सँडलचा पुढचा भाग त्यावर ठेवून बघा. चवड्याच्या जागी, म्हणजे पायाच्या सगळ्यात रुंद भागात, कागद दोन्ही बाजूंनी बोटभर बाहेर येत असेल तर ती सँडल कितीही सुंदर असली तरी तिथेच ठेवा. मी माझ्या मावसबहिणीच्या लग्नासाठी घेतलेल्या सोनेरी सँडलवर नंतर घरी कागद ठेवून पाहिला तर करंगळीचा अख्खा भाग बाहेर होता, आणि दुकानात मला सांगितलं होतं की चालून चालून सैल होईल. लांबी आणि रुंदी दोन्ही कमी असेल तर ती चालून सैल होत नाही, रेक्झिन तर नाहीच नाही. खरं चामडं थोडंसं ताणलं जातं, तेही रुंदीत, लांबीत नाही.

आता उलटी चूक. पाय दुखू नये म्हणून बऱ्याच जणी एक नंबर मोठी सँडल घेतात. हील्समध्ये पाय उतारावर असतो, मोठ्या सँडलमध्ये तो सरळ पुढे घसरतो, मग बोटं पुढे चेपतात आणि मागे टाच सुटून दर पावलाला घासते, म्हणजे दोन्हीकडे फोड. घोट्याला पट्टा असलेली सँडल त्यामुळेच चांगली, पट्टा पायाला मागे धरून ठेवतो. मागून उघडी, नुसती पाय सरकवायची हील्स चार पावलं चालायला ठीक आहे, वरातीला नाही.

उंची किती? हील जेवढी उंच तेवढं अंगाचं वजन टाचेवरून चवड्यावर जातं. लांब चालायचं असेल तर दोन इंचाच्या आसपास, ब्लॉक हील (जाड, रुंद टाचेची) किंवा वेजेस (टाचेपासून पुढपर्यंत सलग सोल असलेली). तीन-साडेतीन इंचच हवी असेल तर पुढे चवड्याखाली इंचभर प्लॅटफॉर्म असलेली घ्या, कारण पायाला उतार लागतो तो टाच आणि चवडा यांच्यातल्या फरकाचा.

अजून एक, साडीवाल्यांसाठी. साडी नेसताना निऱ्यांची उंची हील घालूनच ठरवतो ना आपण, मग मध्येच हील काढून सपाट चप्पल घातली की निऱ्या दोन इंच लोळतात आणि पायात येतात. म्हणून सोबत न्यायची दुसरी चप्पल अगदी सपाट घेऊ नका, जाड सोलची, हीलच्या जवळपास जाणारी घ्या.

*दुकानात इथे थांबा:* दोन्ही पायांत घालून निदान दहा मिनिटं चाला, गालिच्यावर नाही, फरशीवर. टाच बोटभर उचलली जातेय का? करंगळी दुमडतेय का? आत बोट फिरवून बघा, अस्तराची जाड शिवण, बक्कलचं टोक, डिंकाचा वाळलेला गोळा असं काही हाताला लागतंय का? हाताला लागलं ते पायाला दहापट लागेल.

२. मोचीकडे एक फेरी (दहा दिवस आधी)

ही पायरी लोक गाळतातच. नवी सँडल चावते ती बहुतेक टाचेच्या मागच्या कडक कडेला आणि पट्ट्यांच्या काठाला. आमच्या मोचीकाकांनी माझ्या सँडलची मागची कड त्यांच्याकडच्या पायाच्या आकाराच्या लोखंडी ठोकळ्यावर उलटी घातली आणि छोट्या हातोडीने हलके हलके, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, ठोकत नेली, मध्ये मध्ये अंगठ्याने दाबून बघत होते. पाच मिनिटांत ती कड पुठ्ठ्यासारखी होती ती जाड कापडासारखी झाली. शिवणीचं निघालेलं टोकही त्यांनी आत दाबून चिकटवलं.

मोचीकडून हेही करून घ्या: घोट्याच्या पट्ट्याला एक-दोन जास्तीची भोकं (संध्याकाळी पाय सुजला की एक भोक सैल करता यायला पाहिजे), सोल फार गुळगुळीत असेल तर खाली पातळ रबर, आणि चवड्याला घट्ट असेल तर रात्रभर लाकडी साच्यावर ताणून.

*सावधान:* सँडल सैल करायला जाड मोजे घालून हेअर ड्रायरने गरम करायचं किंवा पाण्याची पिशवी भरून फ्रीझरमध्ये ठेवायचं, हे रील्समध्ये खूप दाखवतात. आपल्याकडच्या बहुतेक पार्टी सँडल रेक्झिनच्या आणि डिंकावर चिकटवलेल्या असतात, गरम हवेने डिंक सुटतो, ओलाव्याने अस्तर फुगतं. वरातीत सोल उघडला तर फोडापेक्षा मोठी पंचाईत.

३. घरात सवय (दहा दिवस आधीपासून रोज)

पहिले तीन दिवस पातळ मोजे घालून पंधरा मिनिटं, घरातच, स्वयंपाकघर ते बाल्कनी. चौथ्या दिवसापासून मोजे काढून वीस मिनिटं, मग अर्धा तास. शेवटच्या दोन दिवसांत एकदा जिना चढून उतरा आणि एकदा कॉलनीत फेरी मारा, कारण घरातली गुळगुळीत फरशी आणि बाहेरचा डांबरी रस्ता यात पायाला खूप फरक पडतो. कितीही कंटाळा आला तरी हे एका रविवारी दोन तास घालून उरकायचं नाही, तसं केलं तर फोड लग्नाच्या आधीच येतो आणि मग त्याच जागेवर पुन्हा तीच सँडल घालावी लागते.

या फेऱ्यांचा खरा उपयोग सवयीपेक्षा वेगळाच आहे. दर फेरीनंतर लगेच सँडल काढून पाय उजेडात बघा. जिथे जिथे लाल डाग दिसेल ती जागा बॉलपेनने सँडलच्या आत खूण करून ठेवा. लग्नाच्या दिवशी टेप कुठे लावायचा हे यावरूनच ठरतं, नाहीतर आपण अंदाजाने टाचेला लावतो आणि फोड येतो करंगळीच्या बाजूला.

आता पॅड. मेडिकलमध्ये आणि ऑनलाइन चवड्याखाली ठेवायचे जेल पॅड मिळतात, टाचेच्या मागे चिकटवायचे मऊ पट्टेही मिळतात. पाय पुढे घसरत असेल तर चवड्याखालचा पॅड, टाच सुटत असेल तर मागचा पट्टा. पण आधीच घट्ट असलेल्या सँडलमध्ये पॅड घातला तर ती अजून घट्ट होते, म्हणून पॅड घालूनच सरावाच्या फेऱ्या करा, लग्नाच्या सकाळी पहिल्यांदा चिकटवू नका.

४. पायाची तयारी (तीन दिवस आधी)

नखं सरळ कापा, कोपरे खोल कापू नका. तीन दिवस आधी कापली म्हणजे एखादं टोक टोचत असेल तर कळायला वेळ मिळतो.

पेडिक्युअर करायचंय तर ते आठवडाभर आधी. आदल्या दिवशी टाच आणि चवडा घासून घासून गुलाबी करून घेतात, तो जाड थर तुमचं संरक्षण होता, आता खालची नवी कोवळी कातडी नव्या सँडलला मिळणार. भेगा असतील तर रात्री क्रीम लावून मोजे घालून झोपा, पण लग्नाच्या दिवशी सकाळी तळव्याला क्रीम नको.

ज्यांचे पाय खूप घामेजतात त्यांना डिओड्रंट नव्हे, घाम रोखणारं अँटिपर्स्पिरंट तळव्याला लावता येतं, तेही आधीच्या काही रात्री ओळीने, ऐनवेळी लावून उपयोग नाही. अमेरिकेत १९९८ साली लष्करी कॅडेट्सवर केलेल्या चाचणीत त्याने लांब चालीत फोड निम्म्याहून कमी झाले होते, पण त्यातल्या बऱ्याच जणांची कातडी चुरचुरलीही होती. म्हणून आधी छोट्या जागेवर लावून बघा, आग झाली तर सोडून द्या.

*सावधान:* घरात कुणाला डायबिटीस असेल, पायाला मुंग्या येत असतील किंवा बधिरपणा असेल तर हील्सचा विषयच नको. फोड आलेला कळतच नाही आणि साध्या फोडाची जखमही कधी कधी महिनोन्महिने भरत नाही. आत्या, काकू हौसेने घालतात, त्यांना प्रेमाने अडवा.

५. त्या दिवशीचा टेप (निघायच्या एक तास आधी)

मेडिकलवाल्याकडे पेपर टेप मागा, पांढरा, कागदासारखा पातळ, ड्रेसिंग चिकटवायला वापरतात तो. मायक्रोपोर म्हटलं तरी देतात. अगदी स्वस्त असतो आणि याच्याइतकं कामाचं दुसरं काही मला सापडलं नाही. स्टॅनफोर्डच्या डॉक्टरांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास आहे, अनेक दिवसांत २५० किलोमीटर पळणाऱ्यांच्या पायावर हाच साधा टेप आधीच लावला तर फोड चाळीस टक्क्यांच्या आसपास कमी झाले. महत्त्वाचा शब्द *आधीच*.

क्रम असा:

पाय साबणाने धुवा. मेंदीच्या पायांनी तर नक्कीच, कारण रंग चढावा म्हणून आपण नीलगिरीचं तेल लावतो आणि तेलावर टेप टिकत नाही. पुसून दहा मिनिटं पंख्याखाली बसा, बोटांच्या मधल्या फटी पण कोरड्या व्हायला हव्यात.

सँडलमधल्या पेनच्या खुणा बघून त्या त्या जागी टेप लावा. टाचेला लावताना पाय वर उचलून पंजा आपल्याकडे ओढा, म्हणजे कातडी ताणलेली राहील, मग टेप न ताणता ठेवा आणि मधून कडांकडे बोटाने सपाट करत न्या. एकसुद्धा सुरकुती नको, टेपची सुरकुती स्वतःच फोड आणते. कोपरे कात्रीने गोल कापा, चौकोनी कोपरा पहिल्या पाच मिनिटांत उलटतो. बोटाला लावायचा तर गच्च गुंडाळू नका. लावून झाल्यावर तळहात ठेवून अर्धा मिनिट दाबून धरा, उबेने नीट बसतो.

व्हॅसलीन? टेप लावणार असाल त्या जागी नको. जिथे टेप टिकत नाही, दोन बोटांच्या मध्ये वगैरे, तिथे चालेल, पण सुरुवातीचा तासभरच ते निसरडं राहतं, नंतर कातडी मऊ पडते आणि घासणं उलट वाढतं, म्हणून लावलं तर तासाने पुन्हा लावावं लागतं. पावडरचंही तसंच, घाम आला की तिच्या गोळ्या होतात आणि त्याच टोचतात.

आणि पाय बधिर करणारे स्प्रे कृपा करून वापरू नका. दुखणं हाच तर इशारा आहे, तो बंद केला तर फोड फुटून रक्त येईपर्यंत कळणार नाही. हील्समध्ये पाय दुखू नये म्हणून तिसरं आणि चौथं बोट एकत्र बांधायची युक्तीही फिरत असते, कुणाला बरं वाटतं, पण त्या दोन बोटांच्या मध्ये नेहमीच झिणझिण्या किंवा आग होत असेल तर ती नस दबल्याची खूण असू शकते, डॉक्टरांना दाखवा.

*निघण्याआधी पर्समध्ये:* पेपर टेप, छोटी कात्री, कोरडा रुमाल, फोडावर लावायची दोन जेल प्लास्टर, आणि दुसऱ्या पिशवीत ती जाड सोलची चप्पल.

६. प्रत्यक्ष चालताना

एक नियम बाकी सगळ्यांपेक्षा मोठा: *चुरचुरलं की थांबायचं.* फोड येण्याच्या आधी त्या जागी गरम होतं, चुरचुरतं. त्या क्षणी बाजूला होऊन सँडल काढली, पाय कोरडा केला आणि टेप लावला तर फोड बहुतेक टळतो. आपण काय करतो, मंगलाष्टकं होऊ दे मग बघू, जेवणं होऊ दे मग बघू. मीही मावसबहिणीच्या त्या लग्नात हेच केलं, वरात दारात आली होती, म्हटलं आता कुठे बसू, आणि आठ दिवस मागून उघडी चप्पल घालून ऑफिसला गेले. थांबायला दोन मिनिटं लागतात, कुणी नाव ठेवत नाही.

पावलं छोटी टाका, आधी टाच मग चवडा, गुडघा आखडू नका. जिन्यावर अख्खं पाऊल पायरीवर ठेवा, उतरताना थोडं तिरकं आणि कठडा धरून, कारण उतारावर पाय सगळ्यात जास्त पुढे घसरतो.

वरात ही चालण्यापेक्षा उभं राहण्याची गोष्ट आहे. बँड दर वीस पावलांवर थांबतो, सगळे नाचतात, आपण अर्धा तास एकाच जागी, सगळं वजन चवड्यावर. वजन एका पायावरून दुसऱ्यावर बदलत राहा, आणि नाचायचंच असेल तर निघतानाच दुसरी चप्पल घाला, हील्स गार्डनच्या दाराशी बदला. खरं सांगायचं तर मला हाच सगळ्यात चांगला मार्ग वाटतो, फोटो सगळे आतच निघतात.

लॉन आला की वेगळा त्रास. पेन्सिल हील मातीत रुतते, घोटा मुरगळतो, तिथे हीलच्या टोकाला बसवायच्या प्लास्टिकच्या टोप्या लावा किंवा फरशीच्या वाटेवरूनच चाला. शिवाय थंडीच्या दिवसांत रात्री दव पडतं, गवतातून चाललं की सँडल आतून ओली, आणि ओली कातडी फार लवकर सुटते. रुमालाने पाय पुसल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मांडवापाशी चपला काढाव्याच लागतात. अनवाणी पायाला धूळ, अक्षता, पाणी काय काय लागतं. परत घालताना घाईत तसाच पाय आत टाकू नका, एक अक्षताचा दाणा अस्तरात राहिला तरी तासाभरात त्याचा फोड होतो. तळवा झटका, टेपच्या कडा बघा, उलटलेला टेप पूर्ण काढून नवा लावा, त्याच्यावर दुसरा चिकटवू नका. खूप वेळ अनवाणी बसलात तर पाय थोडा पसरलेला असेल, पट्टा एक भोक सैल करा.

आणि राजवाड्याच्या भागातला बाजार? सीतलामाता बाजारात बस्ता बांधायला जायचंय, मग सराफ्याच्या खाऊगल्लीत खायचंय, म्हणजे गाडी लांब लावून तीन-चार तास गर्दीत चालणं आणि थांबणं. तिथे हील्स घालूच नका. ठेल्यांसमोर खाली पाणी, तेल, दोन्ही असतं. साडीला मॅचिंग बघायचं असेल तर हील्स पिशवीत न्या, दुकानात गादीवर घालून बघा.

*तासाला एकदा:* पाच मिनिटं बसा. बोटं हलवता येताहेत? कुठे चुरचुरतंय? पट्ट्याचा वळ उठलाय? तिन्ही ठीक असेल तरच उठा.

७. तरीही फोड आलाच तर

छोटा असेल आणि फार दुखत नसेल तर फोडू नका. वरची कातडी हीच सगळ्यात चांगली पट्टी. धुऊन, कोरडं करून वर जेल प्लास्टर लावा आणि ती सँडल त्या दिवशी परत घालू नका.

मोठा, टम्म, चालवत नाही असा असेल तर हात साबणाने धुवा, नवी सुई स्पिरिटने पुसा, फोडाच्या कडेला खालच्या बाजूला एक-दोन भोकं पाडा, स्वच्छ कापसाने हलकं दाबून पाणी काढा. वरची कातडी ओढून काढू नका. मग थोडं व्हॅसलीन, वर स्वच्छ पट्टी, रोज बदलायची. टूथपेस्ट, हळद, चुना काही लावू नका. डायबिटीस असेल तर सुई घरी अजिबात नाही, थेट डॉक्टर.

लाली पसरत गेली, पू आला, जागा गरम लागली किंवा ताप आला तर वाट बघू नका, दवाखान्यात जा.

८. घरी आल्यावर

टेप खसकन ओढला तर कातडीही निघते आणि मेंदीही. कोमट पाण्यात पाच मिनिटं पाय ठेवा, मग कडेपासून हळूहळू, कातडीला लागून मागे सोलत काढा. पाय उशीवर उंच ठेवून पंधरा मिनिटं पडा. हील्समध्ये पोटऱ्या आखडतात, भिंतीला हात टेकून एक पाय मागे सरळ, टाच जमिनीवर, तीस सेकंद, दोन्ही पायांना तीनदा.

सँडल पुसून, बक्कल उघडून, सावलीत दिवसभर वाळू द्या, लगेच डब्यात बंद करू नका. दुसऱ्या दिवशी पूजा किंवा रिसेप्शन असेल तर तीच जोडी नको, वेगळ्या उंचीची घाला म्हणजे त्याच जागा पुन्हा दबणार नाहीत. डब्यात ठेवताना टाचेखालचा रबर बघा, एका बाजूने झिजला असेल तर पुढच्या लग्नाआधी मोचीकडून बदलून घ्या, तिरक्या झिजलेल्या रबराने पाय आत तिरका पडतो आणि एकाच बाजूला चावतो.